हवेची सुई

माझा ट्रक सेल्फ मारला की पहिल्या झटक्यात चालू व्हायचा. अडचण तिथेच होती. जे इंजिन चालूच होत नाही त्याचं काय करायचं हे मला ठाऊक होतं. पण जे तब्येतीत चालू होतं, गावाच्या वेशीपर्यंत नीट जातं आणि मग चारदोन झटके खाऊन मुकाट बंद पडतं, त्याच्यापुढे मी हात टेकले होते. अर्धा-पाऊण तास उभं राहू दिलं की पुन्हा चालू. थोडं पुढे गेलं की पुन्हा बंद. होळीला लागलेलं हे दुखणं वैशाख आला तरी हटलं नव्हतं.

नव्वदच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. मी वर्ध्याला लागून असलेल्या नालवाडीत राहायचो, आजही तिथेच राहतो. ट्रक जुना, थोरल्या भावाच्या हातचा; त्याने शेती धरली तेव्हा तो माझ्याकडे आला. सरकी, कापूस, गहू, कुटार म्हणजे गुरांचा भुसा, जे मिळेल ते मी वाहून न्यायचो. इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं ओळखता येतं, असा माझा थोडा गर्वही होता. त्या वर्षी माघात मला कावीळ झाली. मी अंथरुणावर आणि ट्रक घरामागच्या कडुनिंबाखाली, असे आम्ही दोघेही बरेच दिवस पडून होतो. होळीच्या सुमारास मी उठलो, गाडी बाहेर काढली आणि हे सुरू झालं. माझी बायको शोभा म्हणायची, ‘तुमी बरे झाले अन् तुमची कावीळ गाडीले लागली.’

चौकातले मिस्त्री माझे जुने स्नेही. हात चांगला, मन लावून काम करणारे. त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला, फीड पंप खोलून धुतला, पाइपांची लाइन फुंकून साफ केली, जिथून हवा शिरण्याची शंका होती तिथले वायसर बदलले. प्रत्येक वेळी ते टाकीचं झाकण काढायचे, आत काडी बुडवून डिझेल किती आहे ते पाहायचे, झाकण लावायचे आणि म्हणायचे, ‘मार सेल्फ.’ गाडी त्यांच्या दारात धडधडत उभी राहायची, जणू तिला कधी काही झालंच नव्हतं. ‘पाह्य, हाय का काई?’ ते हसून विचारायचे. मी खूश होऊन निघायचो, आणि शहर मागे पडलं की ती पुन्हा रस्त्याच्या कडेला. एकदा त्यांनी स्वतः सोबत येऊन पाहिलं. नेमकी त्या दिवशी गाडी आंजीपर्यंत जाऊन परत आली, एकदाही थांबली नाही. परतताना ते माझ्याकडे असे पाहत होते की मलाच माझी शंका येऊ लागली.

आता देवाविषयी सांगतो. मी नास्तिक नव्हतो. समोरच्या काचेपाशी फोटो होता, त्याला रोज उदबत्ती लावायचो. पण ते हात-तोंड धुण्यासारखं होतं. संकटात देव धावून येतो वगैरे मी ऐकत आलो होतो आणि मान डोलावत आलो होतो. माझ्या बाबतीत तो कधी आला होता का, असा प्रश्न मी स्वतःला विचारला नव्हता, कारण उत्तर मला ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात ती उदबत्तीही मी बंद केली. रागाने नाही. लावली काय आणि न लावली काय, सारखंच, असं वाटू लागलं होतं.

शोभाचे वडील अगदी उलटे. मी त्यांना मामाजी म्हणायचो. वडनेरवरून कच्च्या रस्त्याने आत गेलं की त्यांचं लहानसं गाव लागतं. सासूबाई केव्हाच गेल्या होत्या, शोभा एकुलती एक, तेव्हा मामाजी एकटेच राहायचे. गावाबाहेर ओढ्याच्या काठी महादेवाचं एक देऊळ आहे, आत चार माणसं उभी राहिली की भरून जाईल एवढं. त्याला पुजारी नाही. मामाजी स्वतःहून ते झाडायचे, पाणी घालायचे, आणि उन्हाळा लागला की पिंडीवर गळती टांगायचे. तळाला बारीक भोक असलेलं तांब्याचं भांडं. त्यातून दिवसभर पिंडीवर थेंब थेंब पाणी पडत राहायचं. ‘त्याले ऊन लागून राह्यलं असंन का नाई मले काय मालूम,’ ते म्हणायचे. ‘पन मले लागून राह्यलं, म्हनून त्यालेई लागत असंन असं समजतो.’ एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. देवाकडे त्यांनी कधी काही मागितल्याचं मी ऐकलं नाही.

वैशाखात त्यांच्या घरचा आणि शेजाऱ्यांचा गहू हिंगणघाटला न्यायचा होता. मी आणि शोभा ट्रक घेऊन निघालो. वाटेत हिंगणघाटला मी टाकी काठोकाठ भरून घेतली. डिझेल कमी असलं की तळाची घाण ओढली जाते आणि गाडी बंद पडते, असा माझा नवा तर्क होता. पण त्या संध्याकाळी गाडी रोजच्यापेक्षाही लवकर बंद पडू लागली. टाकी भरली आणि दुखणं वाढलं! हे कोणत्या हिशेबात बसवावं ते मला कळेना. थांबत थांबत अंधार पडता आम्ही गावी पोचलो.

जेवताना मामाजी म्हणाले, ‘सकाळी गाडी महादेवाच्या म्होरून नेजो बापू. पाया पड अन् मंग जाय.’

मी थकलो होतो. म्हणालो, ‘मामाजी, इंजिनाले देव समजत नाई. त्याले डिझेल समजते.’

शोभाने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मामाजी मात्र हसले. ‘हे बी खरंच हाय,’ ते म्हणाले आणि मला आणखी एक भाकर वाढली.

गहू भरायचं काम सकाळी होतं. पण पहाटेच मामाजींना ओकारी आणि हगवण सुरू झाली. नदीकाठच्या गावांत ही साथ आहे असं कानावर आलं होतं. पाणी वाईट झालं होतं म्हणतात. ऊन वर आलं तोवर माणूस पार गळून गेला. डोळे खोल गेले, पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. पाजलेलं साखर-मिठाचं पाणी पोटात ठरत नव्हतं. शोभाने त्यांच्या हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, तर ती तशीच उभी राहिली. तिने माझ्याकडे पाहिलं. सकाळची एसटी निघून गेली होती, दुसरी संध्याकाळी येणार होती. बैलगाडीने वडनेर गाठायचं तर त्या उन्हात वाटेतच काही होईल अशी धास्ती. गावात दुसरं वाहन नव्हतं. राहता राहिला माझा ट्रक.

शेजाऱ्यांनी मागच्या हौद्यात कुटार अंथरलं, त्यावर गोधड्या टाकल्या, वर चार बाजूंना दोर बांधून एक सतरंजी ताणली. मामाजींना उचलून ठेवलं. शोभा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. ओढ्यावरून, देवळावरून निघालो. मी थांबलो नाही. थांबलो आणि पुन्हा सुरूच झाली नाही तर, ही एकच भीती होती.

गाव नजरेआड झालं आणि ती बंद पडली.

मी खाली उतरलो. बॉनेट उचललं, फिल्टरवरचा स्क्रू सैल केला, पंपाची मूठ दाबून दाबून हवा काढली, स्क्रू आवळला, सेल्फ मारला. चालू झाली. थोडी चालली आणि पुन्हा बंद. पुन्हा तेच केलं. यावेळी एका चिंचेपाशी, जिथे रस्त्याला फाटा फुटतो, तिथे ती थांबली आणि मग काही केल्या उठेना. सेल्फ मारला की कण्हायची आणि गप्प व्हायची. टाकी आदल्या दिवशीच भरली होती, म्हणून तिच्या झाकणाला मी हातही लावला नव्हता. अंगातून घामाच्या धारा, हात काळे, पाना तापून हातात धरवेना. मी त्या इंजिनाला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मागून मामाजींचा आवाज आला. क्षीण, पण शांत. ‘बापू, माह्यासाठी जीव नको काढू. सावलीत ये. जरा दम घे.’

मी मागे जाऊन पाहिलं. शोभा ओल्या पदराने त्यांचे ओठ टिपत होती. ती रडत नव्हती, आणि तेच मला पाहवेना. तिने विचारलं, ‘होईन का ओ चालू?’

आजवर या प्रश्नाला मी नेहमी ‘होईन ना’ असं म्हणत आलो होतो. त्या वेळी ते तोंडातून निघालं नाही. मी पुढे आलो, ट्रकच्या सावलीच्या बाजूला उभा राहिलो आणि तापलेल्या पत्र्याला कपाळ टेकलं. मनात जे आलं ते प्रार्थना होती की नाही, मला सांगता येणार नाही. नवस बोललो नाही. मामाजींना वाचव असंही म्हटल्याचं आठवत नाही. एवढंच म्हणालो, ‘महादेवा, माझं डोकं संपलं. मला काही समजत नाही. आता तू पाहा.’ आणि खरं सांगतो, हे म्हणताना पहिल्यांदाच मला ते मनापासून वाटत होतं. माझ्याजवळ करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. अंगातला ताण एकदम उतरला. कुठेतरी होला पक्षी घुमत होता, तो मला तेव्हा ऐकू आला.

मग लुनाचा आवाज आला.

पांढऱ्या साडीतल्या एक बाई, डोक्याला रुमाल बांधलेला, लुनाच्या पुढ्यात मोठी पिशवी. फाट्यावर येऊन त्या थांबल्या आणि नदीकाठच्या एका गावाचं नाव घेऊन मला विचारलं, ‘भाऊ, हाच रस्ता हाय न?’

‘नाई बाई,’ मी म्हणालो. ‘तुमी चुकल्या. मांगं डाव्या हाताले वळाचं होतं.’

त्या स्वतःशीच चुकचुकल्या. चाळिशीच्या असतील. चेहरा उन्हाने रापलेला, डोळे जागरणाने लाल. त्या नर्स होत्या; त्या भागात साथीसाठी त्यांना दुसऱ्या तालुक्यातून पाठवलं होतं, वाटा माहीत नव्हत्या. लुना वळवता वळवता त्यांची नजर सतरंजीकडे गेली. ‘कोन हाय थे? काय झालं त्याईले?’

मी सांगू लागलो, तोवर त्या पिशवी घेऊन हौद्यावर चढल्यासुद्धा. नाडी पाहिली, डोळ्यांखालची कातडी ओढून पाहिली. ‘बाबाजी, हात इकडं द्या,’ म्हणाल्या. पिशवीतून सलाईनची काचेची बाटली काढली. शोभाचे हात एकदम जोडले गेले. ‘देवानंच धाडलं ओ बाई तुमाले!’

‘देवानं नाई ओ ताई, मी रस्ता चुकली,’ त्या हाताची शीर शोधता शोधता म्हणाल्या. ‘अन् मी तं विहारात जानारी. तुमच्या देवाची माही वळख बी नाई. हलू नका बाबाजी.’

शीर सापडायला वेळ लागला. सापडली. बाटली वर बांधायला जागा नव्हती, म्हणून मी ती हात उंच करून धरून उभा राहिलो. नळीत थेंब पडू लागले. मामाजींनी डोळे उघडले, वरच्या बाटलीकडे पाहिलं, आणि त्यांच्या तोंडावर हसू आलं. ‘सिस्टरबाई,’ ते म्हणाले, ‘आमी महादेवावर गळती लावतो न, तशी माह्यावर लावली तुमी.’

बाईंना ते कळलं नसावं, पण त्याही हसल्या.

थोडा वेळ थेंब पडत राहिले. मग त्यांची चाल मंद झाली. मंद होत होत एक थेंब टोकाशी लोंबकळून राहिला आणि पडेचना. बाटली तर जवळपास भरलेली होती. शोभा घाबरून म्हणाली, ‘काऊन थांबलं हे?’ माझ्या मनात आलं, आमच्या हाताला लागलेली प्रत्येक गोष्टच अशी अर्ध्यावर थांबणार आहे.

बाईंनी बाटलीकडे निरखून पाहिलं. बुचात नळीच्या बाजूला एक सुई आधीच खोचलेली होती. त्यांनी ती काढून उजेडात धरली. ‘रबर अडकलं हिच्यात,’ म्हणाल्या. दुसरी सुई काढली आणि बाटलीच्या रबरी बुचात खुपसली. त्या सुईला नळी नव्हती, काही नव्हतं, नुसती सुई. आणि माझ्या डोळ्यांसमोर बाटलीत बुडबुडे उठले, भराभर वर चढले, आणि खाली नळीत थेंब पुन्हा पडू लागले, एकामागून एक.

‘या सुईतून काय जाते बाई?’ मी विचारलं.

‘हवा,’ त्या म्हणाल्या. ‘काचीची बाटली दबत तं नाई. बाहेरून हवा आत शिरंन तवाच खालून पानी निंगंन. हवेची सुई बंद झाली का सलाईन बंद. थोडा वेळ चालते, मंग आतून वढून धरते.’

मी हात उंच करून तसाच उभा होतो. ‘थोडा वेळ चालते, मंग आतून वढून धरते.’ माझा ट्रक थोडा वेळ चालायचा. उभा राहू दिला की कुठूनतरी तेवढी हवा झिरपून पुन्हा चालायचा. मिस्त्री टाकीचं झाकण उघडायचे, आणि गाडी बरी व्हायची. ज्या दिवशी ते सोबत आले त्या दिवशी तर डिझेल पाहायला त्यांनी वाटेतही झाकण उघडलं होतं. काल टाकी काठोकाठ भरली, आत हवेला जागाच उरली नाही, आणि दुखणं वाढलं. इतके दिवस हवा आत शिरते आहे म्हणून मी ती बाहेर काढत बसलो होतो. टाकीला तर हवाच मिळत नव्हती.

‘शोभा, हे धर,’ मी बाटली तिच्या हातात दिली आणि उडी मारून खाली आलो. चोरीच्या भीतीने मी टाकीला रबराचं, कुलपाचं घट्ट झाकण बसवलेलं होतं. किल्ली फिरवली, झाकण वळवलं. आतून ‘स्सूऽऽ’ असा लांबलचक आवाज आला. टाकी हवा आत घेत होती. तो आवाज संपेपर्यंत मी झाकण हातात धरून उभा होतो. 

झाकण तसंच सैल ठेवून त्यावर फडकं बांधलं. पंपाने लाइन भरून घेतली, वर चढलो, सेल्फ मारला. इंजिन चालू झालं. मी लगेच निघालो नाही, त्याचा आवाज ऐकत राहिलो. तो भरलेला, एकसारखा आवाज मी होळीपासून ऐकला नव्हता.

बाईंनी शोभाला बाटली कशी धरायची, थेंब किती वेगाने पडू द्यायचे ते समजावलं. दवाखान्यात काय सांगायचं ते सांगितलं. मी हात जोडून काही बोलणार, तर त्या म्हणाल्या, ‘आता बोलत नका बसू. तिकडं बी लोकं पडून हायत.’ त्यांची लुना मागे वळली आणि धुळीत दिसेनाशी झाली. आम्ही त्यांना नाव विचारलं नव्हतं.

गाडी वडनेरला थांबली नाही. हमरस्त्याला लागली, हिंगणघाटच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकात शिरली, आणि मी बंद केली तेव्हाच बंद झाली. डॉक्टरांनी मामाजींना तपासलं, दुसरी बाटली लावली आणि वेळेवर सलाईन सुरू केलं म्हणून निभावलं असं सांगितलं. ‘कुणी लावलं?’ त्यांनी विचारलं. शोभा म्हणाली, ‘रस्ता चुकलेल्या एका बाईनं.’

दुपार उतरल्यावर मी दवाखान्याच्या आवारात ट्रकखाली शिरलो. झाकण घट्ट असलं तरी टाकीत हवा जायला एक बारीक नळी असते, ती चाचपली. तिच्या तोंडाशी मातीचं गुळगुळीत लिंपण होतं. तारेने टोकरलं तेव्हा माती पडली आणि तिच्यासोबत वाळलेले दोन कोळी. कुंभारीण माशीचं घर होतं ते. मी काविळीने पडलो होतो त्या दिवसांत, उभ्या गाडीच्या नळीत तिने आपल्या पिलांसाठी घर बांधलं होतं. एवढ्या मोठ्या ट्रकला एवढ्याशा मातीने अडवलं होतं. तिचा मला राग आला नाही. मी ती माती हातात घेऊन बराच वेळ तिथेच जमिनीवर पडून होतो.

मामाजींना तरतरी आली तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. पत्र्याला कपाळ टेकलं तेही सांगितलं, जे मी शोभालाही सांगितलं नव्हतं. मला वाटलं होतं, ते म्हणतील, पाहिलंस, महादेवानेच बाईंची वाट चुकवली. त्यांनी महादेवाचं नावही काढलं नाही. सलाईन लावलेला हात दुसऱ्या हाताने चाचपला. मग म्हणाले, ‘मले तं एवढंच याद हाय का हाताले थंड वाटलं. अन् त्या बाईनं सकाळपासून काई खाल्लं नसंन असं तिच्या तोंडावरून दिसत होतं. तिले कोनं विचारलं का?’

कुणीच विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाने दवाखान्याजवळच्या ओळखीच्या घरी चूल मागून पोळ्या आणि बेसन केलं, डबा बांधला. मी एक नारळही घेतला. ट्रक घेऊन नदीकाठच्या त्या गावाकडे निघालो. वाटेत मनातल्या मनात जुळवणी करत होतो, बाईंना काय म्हणायचं. की तुम्ही मानत नसाल, पण माझ्यासाठी तुम्ही कोण होतात. की तुमच्या एका सुईने दोन जीव वाचले, मामाजींचा आणि माझा. शब्द चांगले सुचले होते.

गावात साथीचे रोगी शाळेत ठेवले होते. खिडक्यांच्या गजांना सलाईनच्या बाटल्या बांधलेल्या, खाली सतरंज्यांवर माणसं. प्रत्येक बाटलीच्या बुचात हवेची सुई होती. माझी नजर आधी तिकडेच गेली. बाई एका म्हाताऱ्याच्या उशाशी गुडघ्यावर बसल्या होत्या. तीच साडी, तोच रुमाल. मी जवळ गेलो, ‘बाई,’ म्हणालो. त्यांनी वर पाहिलं, मला ओळखायला एक क्षण लागला.

‘बाबाजी कसे हायत?’

‘चांगले हायत. बाई, मले तुमाले...’

‘गाडी आनली काय?’

‘आनली न.’

‘चालून राह्यली?’

‘हो.’

‘मंग त्या कोपऱ्यातल्या दोघी मायलेकी पाह्य. त्याईले इथं ठेवून चालत नाई, दवाखान्यात न्या लागते. सकाळपासून निरोप धाडून राह्यली मी, गाडीच नाई भेटली. नेशीन का भाऊ?’

मी डबा आणि नारळ तिथेच खिडकीत ठेवले. गावातल्या माणसांनी कुटार आणलं. त्या मायलेकींना आम्ही हौद्यात निजवलं, एक शेजारीण बाटली धरून बसली. मागे वळून पाहिलं तर बाई दुसऱ्या रोग्यापाशी गेल्या होत्या. मी जे बोलायला आलो होतो त्यातलं एक अक्षरही बोललो नव्हतो.

साथ ओसरेपर्यंत त्या गावात आणि आजूबाजूच्या गावांत माझा ट्रक फिरत राहिला. रोगी नेले, दवाखान्यातून औषधं आणली, टाक्यांतून चांगलं पाणी आणलं. बाईंशी आभाराचं बोलणं राहूनच गेलं. मग त्या आपल्या तालुक्यात परत गेल्या. मामाजी त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले.

तो दैवी चमत्कार होता का, असं मला लोक विचारतात. बाई वाट चुकल्या, सुईत रबर अडकलं, माशीने घर बांधलं. या सगळ्याला साधी कारणं आहेत आणि ती मी स्वतः हाताने टोकरून पाहिली आहेत. मी वाद घालत नाही. मला इतकंच सांगता येईल की ‘मला समजत नाही’ असं मी खरोखर म्हणालो, त्यानंतरच माझे डोळे समोरच्या बाटलीकडे नीट पाहू शकले. तोवर मी मीच शोधलेलं दुखणं धरून बसलो होतो. आणि मी कृतज्ञता घेऊन ज्या दारात गेलो, तिथे ती कुणी हातात घेतली नाही. तिथे मला विचारलं गेलं, नेशील का? देवाला मी पुढे जे काही वाहिलं, त्यात या प्रश्नाला दिलेल्या होकारापेक्षा मोठं काही नव्हतं असं मला वाटतं.

त्या मायलेकींना घेऊन मी शाळेच्या आवारातून बाहेर पडलो, तेव्हा मागून त्या आईचा बारीक आवाज आला होता, ‘दादा, खड्डे पाहून चालवजो.’

‘हो माय,’ मी म्हणालो, आणि गाडी हळू केली.